सॉफ्टवेअर-आधारित रेडिओ आणि अंकीय ध्वनिसंकेतांचे विसंकेतन

प्रस्तावना :
मॉड्युलेशनची संकल्पना आपण फळ्यावर शिकवितो. प्रयोगशाळेत मात्र विद्यार्थ्याच्या हाती बहुधा ठरावीक जोडणीचा बंद संच येतो. सॉफ्टवेअर-आधारित रेडिओमुळे ही उणीव अल्प खर्चात दूर होऊ शकते. येथे यंत्र केवळ लहरींचे अंकीय नमुने पुरविते. गाळणी, डीमॉड्युलेशन व विसंकेतन ही कामे संगणकातील आज्ञावली करते. प्रस्तुत लेखात ईटीएसआय या युरोपीय संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या डीएमआर मानकाच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट केली आहे.

उपकरण व वारंवारतेतील त्रुटी :
दूरचित्रवाणीसाठी बनविलेल्या स्वस्त यूएसबी ग्राहकातील रिअलटेक आरटीएल२८३२यू या चिपमधून ८ बिटांचे कच्चे नमुने मिळविता येतात, हे २०१२ मध्ये उजेडात आले. सेकंदाला सुमारे २४ लाख नमुने तो सहज देतो. त्याचे खरे वैगुण्य स्फटिकात असते. स्फटिकाची त्रुटी दशलक्षात ५० भाग असल्यास ४३५ मेगाहर्ट्झवर संकेत २१.७५ किलोहर्ट्झ सरकतो. डीएमआरची संपूर्ण वाहिनीच १२.५ किलोहर्ट्झची आहे! म्हणून ज्ञात वारंवारतेच्या संकेताशी ताडून दुरुस्ती करणे ही पहिली पायरी होय. तापमान-भरपाईयुक्त स्फटिकाचा, दशलक्षात १ भाग त्रुटीचा ग्राहक घेतल्यास हीच चूक ४३५ हर्ट्झवर येते.

चार पातळ्यांचा संकेत :
डीएमआरमध्ये सेकंदाला ४८०० चिन्हे पाठविली जातात. प्रत्येक चिन्ह दोन बिटांचे असून ते मध्यवारंवारतेपासून ६४८ किंवा १९४४ हर्ट्झ वर अथवा खाली असते. आज्ञावलीला या चार पातळ्या अविकृत मिळाल्या पाहिजेत. साध्या एफएम ग्रहणात उच्च स्वर दाबणारी डी-एम्फसिस आणि ३०० हर्ट्झखालील भाग कापणारी गाळणी असते. मानवी कानास ती उपकारक, येथे मात्र घातक. दोन्ही बंद करून, ४८ किलोहर्ट्झ दराने (म्हणजे प्रत्येक चिन्हास १० नमुने) हा ध्वनी आभासी ध्वनिवाहिनीतून डीएसडीसारख्या विसंकेतकाकडे द्यावा.

एक अनुभव वारंवार येतो: पडद्यावर समक्रमण सापडल्याचे दिसते, पण आवाज मात्र गुरगुरतो. कारण रोचक आहे. डीएमआरची ४८ बिटांची समक्रमण-खूण केवळ बाहेरच्या दोन पातळ्यांनीच बनलेली असते. ध्वनीची तीव्रता वाजवीपेक्षा जास्त ठेवल्यास आतील पातळ्या बिघडतात, तरी खूण शाबूत राहते. तेव्हा समक्रमणावर विसंबू नये. तीव्रता कमी करून पाहावी.

वाणीचे संक्षेपण :
एकाच वाहिनीवर दोन संभाषणे ३० मिलिसेकंदांच्या आलटून-पालटून येणाऱ्या खिडक्यांतून चालतात. ६० मिलिसेकंदांची वाणी एकाच खिडकीत सामावते, म्हणून ऐकणाऱ्यास खंड जाणवत नाही. वाणीच्या प्रत्येक २० मिलिसेकंदांस ७२ बिट मिळतात. त्यांपैकी ४९ प्रत्यक्ष वाणीचे व उर्वरित २३ त्रुटिसुधारणेचे. जुन्या अंकीय दूरध्वनीस सेकंदाला ६४,००० बिट लागत, येथे वाणी २,४५० बिटांत बसते. अर्थात येथे तरंगाचा आकार पाठविला जात नाही. स्वराची पट्टी, घोषत्व व वर्णपटाची रूपरेषा एवढेच पाठवून ग्राहकाकडे वाणी नव्याने घडविली जाते. भाषाविज्ञान विभागाच्या सहकाऱ्यांनाही हा भाग उद्बोधक वाटावा.

वैधानिक मर्यादा :
तंत्र सोपे झाले म्हणून कोणाचेही संभाषण ऐकणे वैध ठरत नाही. दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार बेकायदेशीर संदेश-अडवणूक गुन्हा आहे. पोलिसांच्या वा खाजगी संस्थांच्या वाहिन्या प्रात्यक्षिकासाठी निवडू नयेत. परवानाधारक हौशी रेडिओ केंद्राच्या सहकार्याने ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ पट्ट्यात अल्पशक्तीचे प्रक्षेपण करून प्रयोग आखावा. आंतरराष्ट्रीय रेडिओ विनियमांनुसार वेगवेगळ्या देशांतील हौशी केंद्रांमधील संभाषण अर्थ लपविण्यासाठी सांकेतिक करता येत नाही. विद्यार्थ्यांसमोर येणारा संकेतही उघडाच ठेवावा.