ई-पत्राचे व्याकरण चालविताना

शालेय मराठीत ‘व्याकरण चालविणे’ हा एक परिचित स्वाध्याय असे. वाक्यातील एकेक पद घ्यावयाचे, त्याची जात सांगावयाची, लिंग, वचन, विभक्ती ठरवावयाची आणि अखेरीस त्या पदाचा अन्य पदांशी असलेला संबंध नोंदवावयाचा. यालाच पदपरिस्फोट असेही म्हटले जाते. इंग्रजीत या क्रियेस ‘पार्सिंग’ म्हणतात आणि ती संज्ञा ‘भाग’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आलेली आहे. संगणकशास्त्राने ती व्याकरणाकडून उचलली. चिन्हांची सलग रांग समोर आली असता तिच्यातील कोणता भाग कोठे संपतो, त्याचे कार्य काय आणि तो कोणाच्या पोटात आहे, हे नियमांच्या आधारे ठरविणे म्हणजे संगणकीय पदपरिस्फोट. प्रस्तुत लेखात ई-पत्राच्या पदपरिस्फोटाचा विचार केला असून उदाहरणादाखल ‘पायथन’ ही प्रोग्रामिंगची भाषा घेतली आहे.

हा विषय साहित्याच्या अभ्यासकाने तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे व्हावे असा आता राहिलेला नाही. मराठीत पत्र हे इतिहासाचे आणि वाङ्मयाचे पहिल्या प्रतीचे साधन मानले गेले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड प्रसिद्ध केला, पुढे या मालेचे २२ खंड झाले आणि त्यांतील फार मोठा भाग पत्रांनी व्यापलेला आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत निघाले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत लेखक, संपादक, अनुवादक यांचा पत्रव्यवहार हळूहळू टपालातून निघून ई-टपालात गेला. महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत काम करणाऱ्यांच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे. या पत्रांचे खंड उद्या काढावयाचे झाले तर संपादकाच्या हाती कागद नसेल, फाइल असेल. ती फाइल वाचावयाची कशी, हा प्रश्न पाठसंपादनाचाच आहे.

पडद्यावर दिसते ते ई-पत्र नव्हे, ते त्याचे एक वाचन असते. मूळ ई-पत्र म्हणजे बाइटांची रांग. तिची घटना ठरविणारा ‘आरएफसी ८२२’ हा दस्तऐवज १९८२ साली सिद्ध झाला. २००१ व २००८ मध्ये त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या आल्या, तरी मूळ सांगाडा तोच राहिला. प्रारंभी शीर्षभाग, मग एक कोरी ओळ, मग मजकूर. मायना कोठे संपला आणि मजकूर कोठे सुरू झाला हे जुन्या पत्रांत वाचकाने अनुभवाने ओळखावयाचे असते. येथे ते काम त्या एका कोऱ्या ओळीवर सोपविलेले आहे. शीर्षभागातील प्रत्येक नोंद म्हणजे एक नाव, पुढे अपूर्णविराम आणि मग तिचे मूल्य. नोंद लांबली तर ती पुढील ओळीवर नेता येते, मात्र त्या ओळीचा आरंभ मोकळ्या जागेने व्हावा लागतो. ओळीगणिक वाचणारा भोळा प्रोग्राम येथेच पहिल्यांदा फसतो, कारण त्याला अर्धाच विषय मिळतो.

या शीर्षभागात संशोधकाला उपयोगी असे बरेच काही असते आणि छापील प्रतीत नेमके तेच गळते. ‘रिसीव्ह्ड’ या नावाच्या नोंदी वाटेतील प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरत्या वर जोडत जातो. त्यामुळे पत्राचा प्रवास खालून वर वाचावा लागतो, पाकिटावर एकावर एक पडलेल्या टपालखात्याच्या शिक्क्यांसारखा. ‘डेट’ ही नोंद मात्र पाठविणाऱ्याच्या यंत्राने लिहिलेली असते. त्या यंत्राचे घड्याळ चुकलेले असेल तर तारीखही चुकते आणि मग त्या शिक्क्यांशी ती ताडून पाहावी लागते. ‘मेसेज-आयडी’ ही पत्राची स्वतःची खूण, तर ‘इन-रिप्लाय-टू’ ही ज्या पत्राला उत्तर दिले त्याची. ‘आपले पत्र पावले’ एवढ्या एका वाक्यावरून कोणत्या पत्राचे हे उत्तर, याचा तर्क लढविण्यात जुन्या कागदांच्या संपादकांचे किती श्रम खर्ची पडले असतील! येथे ते उत्तर दोन ओळी जुळवून मिळते, अर्थात मूळ फाइल जपली असेल तर.

खरी गुंतागुंत मजकुरात आहे. १९८२ च्या व्यवस्थेत केवळ १२८ संकेतांची आस्की वर्णमाला गृहीत धरलेली होती, म्हणजे इंग्रजीपलीकडील जग जवळजवळ गृहीतच नव्हते. ही कोंडी नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांच्या ‘माइम’ या योजनेने फोडली. ती १९९२ मध्ये पुढे आली आणि १९९६ मध्ये आजच्या रूपात स्थिरावली. जुनी वाहतूक न बदलता तिच्यावरून नवा माल कसा न्यावा, याचे हे चतुर उत्तर होते. पत्राचे अनेक भाग करावयाचे, प्रत्येक दोन भागांमध्ये आधी जाहीर केलेली सीमारेषा घालावयाची, आणि प्रत्येक भागाला त्याचा स्वतःचा लहानसा शीर्षभाग द्यावयाचा. एखाद्या भागाच्या पोटात पुन्हा भाग असू शकतात, म्हणून ई-पत्राचा आकार रांगेचा न राहता वृक्षाचा होतो. शेवटच्या सीमारेषेच्या अखेरीस दोन आडव्या रेघा जास्त असतात. मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी मोर्तब होत असे, त्यापुढे लिहिलेले पत्राचा भाग नव्हे; या दोन रेघांचे कार्य तेच आहे.

या वृक्षात एक प्रकार पाठसंपादकाने विशेष लक्ष देण्याजोगा आहे. ‘मल्टिपार्ट-अल्टर्नेटिव्ह’ या भागात एकच मजकूर दोनदा असतो, एकदा साध्या रूपात आणि एकदा एचटीएमएल या सजविलेल्या रूपात. वाचकाला त्यांपैकी एकच दिसतो. दोन्ही समान असावेत अशी अपेक्षा असते, पण ती पाळली जातेच असे नाही. सजविलेल्या पाठातील ठळक अक्षरे, रंग, कधी दुव्यांचे पत्ते साध्या पाठात उरत नाहीत. म्हणजे एकाच पत्राचे दोन पाठ एकाच फाइलीत नांदतात आणि कोणता प्रमाण मानावयाचा हे प्रोग्राम लिहिणारा ठरवितो, बहुधा तसे आपण ठरवीत आहोत याची जाणीव नसताना.

देवनागरीचे या वाहतुकीत काय होते ते आता पाहू. युनिकोडमध्ये देवनागरीसाठी १२८ जागांचा मुख्य गट आहे आणि ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत त्यांतील प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. हे बाइट जुन्या वाटेने न्यावयाचे तर त्यांना आस्कीचा पोशाख चढवावा लागतो. ‘कोटेड-प्रिंटेबल’ या पद्धतीत प्रत्येक बाइटाची ३ अक्षरे होतात, म्हणून ‘मराठी’ची ४५. ‘बेस-६४’ मध्ये ३ बाइटांची ४ अक्षरे होतात, म्हणून २०. दुसरी पद्धत देवनागरीला विलक्षण सोयीची पडते, कारण एक चिन्ह आणि एक चौकडी यांचा मेळ नेमका बसतो. सलग देवनागरी मजकुराच्या आरंभी प्रत्येक चौकडी ‘४, के, एस’ किंवा ‘४, के, डब्ल्यू’ अशीच सुरू होते. ‘मराठी’ शब्दात पहिल्या चार चिन्हांना एस आणि वेलांटीला डब्ल्यू येतो. मधे एक मोकळी जागा आली की ती एकाच बाइटाची असल्याने हा ठेका चुकतो. मोडी वाचणाऱ्याला वळणावरून अक्षर कळते, तसे सरावलेल्या डोळ्याला हे गचपण पाहून ‘येथे देवनागरी आहे’ एवढे कळू शकते.

पत्राच्या विषयाला आणखी एक बंधन आहे. शीर्षभागात आस्कीबाहेरील मजकूर ‘एन्कोडेड-वर्ड’ नावाच्या तुकड्यांत बांधावा लागतो आणि एक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा असता कामा नये. पद्धतीची नावे व खुणा वजा जाता बेस-६४ साठी ६० अक्षरे उरतात, म्हणजे देवनागरीची अवघी १५ चिन्हे. काना, मात्रा, वेलांटी स्वतंत्र मोजल्या जातात हे ध्यानी घेतले तर तीन-चार शब्दांतच विषयाचे तुकडे पडू लागतात. एका चिन्हाचे बाइट दोन तुकड्यांत विभागू नयेत आणि लगतच्या तुकड्यांमधील मोकळी जागा वाचताना सोडून द्यावी, असे नियम आहेत. पत्र पाठविणारी काही सॉफ्टवेअर हे नियम पाळत नसत; त्यामुळे शब्दाच्या मध्येच प्रश्नचिन्हे उमटलेले विषय अनेकांच्या परिचयाचे आहेत.

पायथनमध्ये या सर्व कामासाठी ‘ईमेल’ नावाचा संच भाषेसोबतच मिळतो. तो २००१ मध्ये पायथनच्या २.२ या आवृत्तीत समाविष्ट झाला. फाइल उघडताना ती अक्षरांची नव्हे तर बाइटांची म्हणून उघडावयाची, आणि ‘मेसेज-फ्रॉम-बाइट्स’ या फंक्शनकडे द्यावयाची, ही पहिली पायरी. अक्षरांची म्हणून उघडली की पत्रात एकाहून अधिक संकेतपद्धती असल्यास पदपरिस्फोट सुरू होण्यापूर्वीच पाठ भ्रष्ट होतो. दुसरी पायरी धोरणाची. काहीच न सांगितल्यास जुन्या आवृत्तींशी जुळणारे ‘कॉम्पॅट-३२’ हे धोरण लागू होते आणि मराठी विषय हाती येतो तो बेस-६४ च्या पोशाखातच. ‘डिफॉल्ट’ हे नाव असलेले धोरण स्पष्टपणे मागितले, तर तुकडे उलगडून, जोडून, सरळ देवनागरी मिळते. डिफॉल्ट नावाचे धोरण आपोआप लागू होत नाही, हा नामकरणातील विनोदच म्हणावा लागेल.

पुढे ‘वॉक’ हे फंक्शन वृक्षाच्या प्रत्येक फांदीवर नेते, ‘गेट-बॉडी’ मुख्य मजकूर निवडते. त्याला पसंतीचा क्रम सांगितला नाही तर ते एचटीएमएल आधी आणि साधा पाठ नंतर असे पाहते. दोन्ही पाठ स्वतंत्रपणे काढून ठेवणे संशोधकाच्या दृष्टीने श्रेयस्कर. सीमारेषा हरवली, कोरी ओळ राहून गेली, तरी हा संच सहसा थांबत नाही. जमेल तसे वाचतो आणि दोषांची नोंद ‘डिफेक्ट्स’ नावाच्या यादीत करतो. खंडित पोथी वाचणाऱ्या संपादकाची ही रीत आहे. परंतु ‘गेट-कंटेंट’ या फंक्शनबाबत सावध राहावे लागते. जाहीर केलेल्या संकेतपद्धतीत न बसणारे बाइट आले की त्यांच्या जागी ते मुकाट्याने चौकटीतील प्रश्नचिन्ह घालते. हस्तलिखितातील न लागलेले अक्षर खोडून तेथे टिंब काढून ठेवण्यासारखेच हे. त्याला कडक वाचन करण्यास सांगितले तर ते अडते, आणि अडणे येथे इष्ट आहे, कारण मूळ बाइट तपासण्याची संधी तेव्हाच मिळते.

एका वर्गातील पत्रांपुढे मात्र ही दोषयादीही निरुपयोगी ठरते. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर योगेश, श्रीलिपी, आकृती अशा फाँटकुळांत लिहिला जाई. त्यांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत आणि प्रत्येक कुळाची मांडणी निराळी. अशा पत्राचा पदपरिस्फोट निर्दोष होतो, एकही दोष नोंदला जात नाही, आणि हाती येते ती निरर्थक रोमन अक्षरांची माळ. फाँटचे नाव कळले तरच तक्ता लावून ती उलगडता येते. तेव्हाही ऱ्हस्व वेलांटी उचलून व्यंजनाच्या मागे ठेवावी लागते, कारण फाँटमध्ये ती आकृतीप्रमाणे आधी येते आणि युनिकोडमध्ये उच्चाराप्रमाणे नंतर. हे नाव सापडलेच तर एचटीएमएल पाठातील फाँटच्या खुणेत सापडते. साध्या पाठात त्याला जागाच नसते. ‘स्वच्छ’ म्हणून केवळ साधा पाठ जपणारा संग्राहक कुलूप ठेवतो आणि किल्ली फेकून देतो.

संग्रहाच्या स्वरूपामुळेही पाठात भर पडते. अनेक पत्रे एकाच फाइलीत ठेवणाऱ्या ‘एमबॉक्स’ या पद्धतीत ‘फ्रॉम’ या इंग्रजी शब्दाने आरंभ होणारी ओळ नव्या पत्राची खूण असते. म्हणून मजकुरातील एखादी ओळ त्याच शब्दाने सुरू झाली तर साठविताना तिच्यामागे एक कोनचिन्ह घातले जाते. पायथनचा ‘मेलबॉक्स’ हा संच वाचताना ते काढीत नाही. इंग्रजी-मराठी मिश्र पत्रांत असे चिन्ह दिसल्यास ते पत्रलेखकाचे न मानता नकलकाराचे मानावे.

पदपरिस्फोट पूर्ण झाल्यावर पुष्कळदा ‘सफाई’ केली जाते आणि मराठीला खरा धोका तेथे आहे. न दिसणारी चिन्हे काढून टाकणारे तयार प्रोग्राम शून्य-रुंदीचे जोडचिन्हही काढतात. इंग्रजी पत्रात त्याने सहसा काही बिघडत नाही. मराठीत अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो आणि पापणीसारखा र काही कळपाट व सॉफ्टवेअर याच जोडचिन्हाच्या साहाय्याने उमटवितात, तर काही ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने. पहिल्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ सफाईनंतर ‘दर्या’ होतात आणि सह्याद्रीच्या वर्णनात समुद्र येतो. दुसऱ्या रीतीने लिहिलेला तोच शब्द तसाच राहतो, त्यामुळे एकाच संग्रहात दोन्ही रूपे भेटतात आणि लेखकाचे शुद्धलेखन कच्चे होते असा ग्रह होऊ शकतो. यासाठी सफाईपूर्वीचा पाठ, सफाईनंतरचा पाठ आणि मूळ बाइटांची फाइल अशा तिन्ही प्रती वेगळ्या ठेवाव्या लागतात, आणि मूळ फाइलीचा ‘एसएचए-२५६’ अंक घेऊन तो संग्रहाच्या नोंदवहीत पहिल्याच दिवशी लिहावा लागतो.