चूक दारातच अडवा!

शाळेच्या फॉर्मवर कुणी जन्मतारीख '३१ फेब्रुवारी' लिहिली, तर बाई तो लगेच परत देतात. चूक तिथंच पकडली जाते. पण तीच पुढे बोर्डात पोचली तर? केवढा घोळ!

इंटरनेटच्या जाळ्यातही असंच असतं, बरं का! कोणता संदेश कोणत्या वाटेनं धाडायचा, हे राउटर नावाची यंत्रं ठरवतात. त्यासाठी इंजिनिअर त्यांना सूचना भरून देतात. त्यात एक आकडा चुकला, तरी कितीतरी घरांचं इंटरनेट बंद पडू शकतं.

मग या सूचना तपासायच्या कशा? इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या 'आयईटीएफ' संस्थेनं २०१० साली 'यांग' नावाची भाषा प्रसिद्ध केली. सूचना कशा असाव्यात, याचे नियम त्या भाषेत आधीच लिहून ठेवता येतात. त्यातले चार प्रकार पाहू.

पहिला मर्यादेचा. चार आकड्यांच्या इंटरनेट पत्त्यात प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधलाच हवा. ३०० लिहिलात? नापास!

दुसरा सक्तीचा. महत्त्वाचा रकाना रिकामा सोडायचा नाही.

तिसरा संदर्भाचा. सूचनेत ज्या जोडणीचं नाव आहे, ती यादीत असलीच पाहिजे. पटावर नसलेल्या मुलाला मॉनिटर नेमता येतं का?

चौथा मेळाचा. दोन रकाने एकमेकांशी जुळले पाहिजेत. 'पासून'चा आकडा 'पर्यंत'च्या आकड्यापेक्षा मोठा कसा चालेल?

नियम मोडला, की राउटर नवी सूचना नाकारतो आणि जुन्या सूचनांवरच काम चालू ठेवतो.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा. यंत्र फक्त लिहिलेले नियमच तपासतं, आणि तपासनीसही चुकू शकतो! ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडलं. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आज्ञेनं कंपनीच्या संगणक-केंद्रांमधल्या जोडण्या तुटल्या. अशा आज्ञा अडवणारा प्रोग्रॅम तिथं होता; पण त्यातच दोष होता!

आता एक गंमत करा. ग्रंथालयाच्या पुस्तक-नोंदीसाठी असे चार नियम लिहा. मग आई-बाबांना सांगा, "आमच्या नियमांना फसवून दाखवा!" ते जिंकले, तर पाचवा नियम कोणता हवा, हे तुम्हाला आपोआप कळेल.