अंदाज कशावरून बांधला?

कोरियन शिकणाऱ्यांच्या डोक्यात एक समज पक्का बसलेला असतो: या भाषेत अंदाज सांगायची जी चार-पाच रूपं आहेत, ती 'कदाचित'पासून 'नक्कीच'पर्यंत चढत जाणाऱ्या खात्रीच्या पायऱ्या आहेत. पाठांतराला हे सोयीचं, पण बोलायला गेलं की लगेच फसतं. खानावळीबाहेर लांबलचक रांग दिसली, की कोरियन माणूस म्हणतो, 'माशिन्ना ब्वायो', म्हणजे इथलं जेवण चवदार दिसतंय. पुढ्यात आलेला पदार्थ पाहून तो म्हणतो, 'माशित्केत्ता', मस्त लागेल हे! घास खाऊन झाल्यावर मात्र त्या चवीबद्दल यांपैकी एकही चालत नाही. खात्री कमीजास्त असेलही, पण रूप ठरतं ते माहिती कुठून आली यावर. 'ना ब्वायो'ला बाहेरची खूण लागते, आणि बोलणाऱ्याने ती गोष्ट स्वतः अनुभवलेली नसावी लागते. 'केत' हा समोरचं पाहून तिथल्या तिथे केलेला तर्क. यावर कुणी विचारेल, मग 'कामगी कॉल्योन्ना ब्वायो', मला सर्दी झालेली दिसते, हे कसं चालतं? सर्दी तर स्वतःचीच! पण इथेही बोलणारा शिंका आणि घसा यांवरूनच निष्कर्ष काढतो. स्वतःच्या शरीराकडे तो तिऱ्हाइतासारखा पाहतो. नियम मोडत नाही, उलट पक्का होतो.

दुसरा गैरसमज असा, की '-ल कॉयेयो' म्हणजे निव्वळ भविष्यकाळ. 'चिगुमचुम तोछाखेस्सुल कॉयेयो', म्हणजे आत्तापर्यंत पोचला असेल, या वाक्यात पोचण्याची क्रिया झालेली धरली आहे. भविष्यकाळी रूप फक्त अंदाजाचं काम करतं. मराठी माणसाने तरी इथे अडू नये. 'एव्हाना पोचला असेल' म्हणताना आपण हेच करतो. इंग्रजीतून कोरियन शिकण्याच्या नादात हा घरचा आधार हातचा जातो.

खरी अडचण 'गॉत् काथायो'ची, म्हणजे 'असं वाटतं'ची. पुराव्याचा नियम इथे लागू पडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. कारण घास खाल्ल्यावरही लोक सर्रास 'माशिन्नुन गॉत् काथायो' म्हणतात. स्वतःच्या जिभेबद्दल अंदाज कसला? तो अंदाज नसतोच. मत ठासून मांडू नये, समोरच्याला वेगळं म्हणायला जागा राहावी, म्हणून बोलण्याला दिलेली ती मऊ किनार असते. स्वतःच्या भावनेबद्दलही असं बोलणं खुद्द कोरियात काहींना खटकतं. तरी दुकानात, कचेरीत, मुलाखतीत ते रोज ऐकू येतं.