चष्म्याचा नंबर काढला. डोळे तपासले का?

मराठीत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वैद्यकीयदृष्ट्या हे नाव अगदी चोख आहे. डोळ्यातले नैसर्गिक भिंग वयाबरोबर कडक होत जाते. चाळिशीच्या सुमारास जवळच्या वस्तूवर नजर स्थिर करण्याची त्याची ताकद कमी पडू लागते. मग सुईत दोरा ओवताना, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचताना किंवा मोबाइलवरचा निरोप पाहताना हात आपोआप लांब जातो. हा आजार नव्हे. केस पांढरे व्हावेत तसाच हा वयाचा भाग आहे आणि त्यावर साधा चष्मा हा उत्तम उपाय आहे.

हा उपाय किती मोलाचा आहे, याचा चांगला दाखला आसाममध्ये मिळतो. तिथल्या चहामळ्यांत पाने खुडणाऱ्या चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांवर एक अभ्यास झाला आणि तो २०१८ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या कामगारांना जवळचे दिसण्यासाठी चष्मे दिले गेले. काही आठवड्यांतच त्यांची पाने खुडण्याची क्षमता चष्मा न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २२ टक्के अधिक वाढली. नीट दिसणे ही केवळ सोयीची बाब नसून ती रोजीरोटीशी बांधलेली आहे, हे यातून दिसते.

तरीही चष्म्याकडे आपण गंभीरपणे पाहत नाही. आठवडी बाजारात किंवा एसटी स्टँडबाहेर मांडलेल्या तयार चष्म्यांपैकी तीन-चार नाकावर लावून पाहायचे आणि ज्यातून अक्षर दिसेल तो खिशात टाकायचा, ही एक पद्धत. ‘कॉम्प्युटरवर मोफत डोळे तपासणी’ अशी पाटी पाहून दुकानात शिरायचे, यंत्रातून निघालेल्या चिठ्ठीवर चष्मा करून घ्यायचा, ही दुसरी. दोन्हींत चष्मा मिळतो आणि दिसायलाही लागते. म्हणूनच माणूस निर्धास्त होतो. पण डोळ्यांचा नंबर काढणे आणि डोळे तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यंत्र काय सांगते, काय सांगत नाही

दुकानातल्या यंत्राला ऑटोरिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. ते डोळ्यात प्रकाश सोडून नंबराचा अंदाज देते. हा अंदाज तपासणीची सुरुवात असतो. त्यानंतर प्रत्येक डोळ्यापुढे वेगवेगळी भिंगे ठेवून, अक्षरांचा तक्ता वाचायला लावून अंतिम नंबर ठरवावा लागतो. लहान मुलांमध्ये तर या यंत्राची हमखास फसगत होते. मूल यंत्रात पाहताना डोळ्यावर ताण देते आणि असलेल्यापेक्षा जास्त उणे नंबर दिसतो. त्यामुळे मुलांचा पहिला नंबर डोळ्यात औषध घालून, बाहुली मोठी करून काढणे आवश्यक असते.

यंत्र डोळ्याच्या आतले आजार मात्र सांगत नाही. काचबिंदूचे उदाहरण घ्या. या आजारात बहुधा डोळ्यातील दाब वाढून दृष्टीची नस हळूहळू सुकते. नजर कडेकडेने जाते, मधली शाबूत राहते. दुखत नाही, लाली येत नाही. चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थांना तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा वाचता येते आणि काचबिंदू मात्र पुढे सरकत असतो. दर दोन वर्षांनी दुकानात जाऊन ते चष्मा बदलतात आणि जिन्याची पायरी चुकू लागली की वयाला दोष देतात. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही; वेळेत कळले तर उरलेली टिकवता येते. चाळिशीचा चष्मा लागतो, तेच वय काचबिंदूची पहिली तपासणी करून घेण्याचे आहे. म्हणून फुटपाथवरच्या स्वस्त चष्म्याने डोळे बिघडतात असे नाही. त्याने दवाखान्याची फेरी टळते, हा खरा तोटा आहे. घरात आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल, तर ही फेरी अजिबात चुकवू नये.

वारंवार बदलणारा नंबर हीसुद्धा एक खूण असते. साठी-पासष्टीचे आजोबा एक दिवस आनंदाने सांगतात, ‘आता मला चष्म्याशिवाय पेपर वाचता येतो.’ घरच्यांना कौतुक वाटते. प्रत्यक्षात हे अनेकदा पिकू लागलेल्या मोतीबिंदूचे लक्षण असते. भिंग घट्ट झाल्याने डोळ्याला उणे नंबर येतो, जवळचे दिसते आणि दूरचे धूसर होते. मधुमेहींमध्ये रक्तातील साखर वर-खाली झाली की नंबरही बदलतो. अशा वेळी घाईने चष्मा केला, तर साखर आटोक्यात आल्यावर तो निरुपयोगी ठरतो. आधी साखर स्थिर करावी, मग नंबर काढावा. शिवाय मधुमेहींनी वर्षातून एकदा डोळ्याच्या मागच्या पडद्याची तपासणी करून घ्यावी. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या खराब होत असतानाही बराच काळ नजर चांगली असते. आणि दहावी-बारावीतला मुलगा सतत डोळे चोळतो, त्याचा सिलिंड्रिकल नंबर दर सहा महिन्यांनी वाढतो, तेव्हा केरॅटोकोनस नाही ना, हे पाहावे लागते. या आजारात बुबुळावरची पारदर्शक काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते. लवकर निदान झाल्यास तो थोपवण्याचे उपचार उपलब्ध आहेत.

मुलांच्या बाबतीत उशीर महागात

मुलाला चष्मा लागला की घरात चेहरे पडतात. मुलगी असेल तर पुढच्या लग्नाची चिंता आत्ताच सुरू होते. ‘लावला की नंबर वाढत जातो’ या समजुतीने चष्मा कपाटात जातो. हा समज चुकीचा आहे. मुलांचा उणे नंबर वाढतो तो डोळ्याची लांबी वाढत असल्यामुळे. चष्मा घातल्याने नव्हे. उलट, एका डोळ्याला जास्त नंबर असताना चष्मा लावला नाही, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे धूसर चित्र बाजूला टाकू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. याचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत सर्वांत चांगले लागू पडतात. पुढे चष्मा देऊनही त्या डोळ्याची नजर पूर्ण येत नाही. दुसरा डोळा चांगला असल्याने मूल तक्रारही करत नाही. म्हणून शाळेत जाण्यापूर्वी एकदा दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी व्हायला हवी.

मुलांसाठी आणखी एक स्वस्त औषध आहे, ते म्हणजे मैदान. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे अधिक वेळ उघड्यावर नेले गेले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांनंतर अशा मुलांपैकी सुमारे ३० टक्क्यांना उणे नंबर लागला होता. नेहमीच्या वेळापत्रकातील मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ४० टक्के होते. रोज दीड-दोन तास दिवसाउजेडी खेळणे हा मुलांच्या डोळ्यांचा हक्क समजावा.

कुणाकडे जायचे?

नेत्रतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीनंतर डोळ्यांच्या शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर. आजाराचे निदान, औषधे आणि शस्त्रक्रिया त्यांच्याकडे. ऑप्टोमेट्रिस्ट हे नंबर काढणे, प्राथमिक तपासणी करणे आणि शंका आल्यास डॉक्टरांकडे पाठवणे यांसाठी प्रशिक्षित असतात. पदवी अभ्यासक्रम इंटर्नशिपसह चार वर्षांचा आहे. ऑप्टिशियन म्हणजे लिहून दिलेल्या नंबराप्रमाणे चष्मा बनवून देणारा कारागीर-व्यावसायिक. तिघांचेही काम महत्त्वाचे आहे. फक्त एकाचे काम दुसऱ्यावर सोपवू नये.

दुकानाच्या भिंतीवर टांगलेला गुमास्ता परवाना हा धंद्याचा परवाना असतो. त्यावरून आत बसलेल्या माणसाला डोळे तपासता येतात, हे सिद्ध होत नाही. संसदेने २०२१ साली केलेल्या सहयोगी आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टचा समावेश असून राज्य पातळीवर नोंदणीची तरतूद आहे. म्हणून ‘नंबर कोण काढणार? त्यांचे शिक्षण काय?’ हे विचारायला ग्राहकाने संकोचू नये. चांगला दुकानदार याचे उत्तर आनंदाने देतो. खर्चाची अडचण असेल, तर सरकारी रुग्णालयांच्या नेत्र विभागात तपासणी होते. तिथून लिहून घेतलेल्या नंबरावर चष्मा हव्या त्या दुकानातून करता येतो. चिठ्ठी जपून ठेवावी. पुढच्या वेळी नंबर किती बदलला, हे त्यावरूनच कळते.

चष्मा ताब्यात घेताना

फ्रेम आवडीची असावी, पण नाकावरून घसरणारी नसावी. चष्मा खाली आला की भिंगाचा मध्य बाहुलीसमोरून हलतो. दोन बाहुल्यांमधले अंतर दुकानात मोजले जाते ना, हे पाहा. नंबर जास्त असेल, तर यात काही मिलिमीटरची चूकसुद्धा डोकेदुखी आणि जडपणा आणते. तयार चष्म्यांत हे अंतर ठरावीकच असते, दोन्ही भिंगांचा नंबर सारखा असतो आणि सिलिंड्रिकल नंबर नसतोच. ज्यांच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा आहे आणि डोळे तपासून झाले आहेत, त्यांना घाईच्या वेळी वाचायला तो चालतो, इतरांना नाही.

तयार झालेला चष्मा दुकानातल्या लेन्सोमीटरवर ठेवून, चिठ्ठीतल्या नंबराशी ताडून दाखवायला सांगा. भिंग कोणत्या प्रकारचे आहे, ते बिलावर लिहून घ्या. मुलांसाठी, कारखान्यातील कामगारांसाठी आणि एकाच डोळ्याने नीट दिसणाऱ्यांसाठी पॉलिकार्बोनेटची भिंगे घ्यावीत. ती सहजासहजी फुटत नाहीत. काचेची भिंगे मुलांना देऊच नयेत. नव्या नंबराची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात; त्यानंतरही गरगरत असेल, तर सहन करत बसण्यापेक्षा पुन्हा तपासून घ्यावे.

‘ब्लू कट’ भिंगांसाठी हल्ली जादा पैसे मोजले जातात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. संगणकावर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा अशा भिंगांनी बहुधा कमी होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. थकवा येतो तो एकटक पाहिल्याने आणि पापण्यांची उघडझाप कमी झाल्याने. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर पाहणे हा फुकटचा उपाय आहे.

गॉगलच्या बाबतीत काचेचा रंग फसवतो. काळ्या काचेमागे बाहुली मोठी होते. त्या काचेत अतिनील किरण अडवण्याची क्षमता नसेल, तर हे किरण डोळ्यात जास्तच शिरतात. म्हणजे जत्रेतला काळाकुट्ट गॉगल काही न घालण्यापेक्षा वाईट ठरू शकतो. विश्वासू दुकानातून ‘यूव्ही ४००’ लिहिलेलाच गॉगल घ्यावा. अनेक दुकानांत हे तपासण्याचे यंत्रही असते. रात्री दुचाकी चालवताना गॉगल नको, हेल्मेटची पारदर्शक काच खाली हवी.

इजा टाळा, झाल्यास पाणी

वेल्डिंग आणि ग्राइंडिंग करताना संरक्षक चष्म्याला पर्याय नाही; नंबरचा साधा चष्मा तिथे पुरत नाही. ऊसतोडणी, भातकापणी, मळणी करताना पात किंवा तूस डोळ्याला लागते आणि त्यातून बुरशीचा संसर्ग होतो. साधा पारदर्शक गॉगल घातल्यास हे टळते. अशा इजेनंतर मेडिकलमधून स्वतःच थेंब आणून घालणे घातक आहे. त्यात स्टेरॉइड असेल, तर बुरशी फोफावते आणि डोळ्यात कायमचे फूल पडते. मध, तुपाचे थेंब, आईचे दूध हेही डोळ्यात घालू नये.

घरातली एक वस्तू विशेष सांगायला हवी: तंबाखूसोबत मिळणारी चुन्याची पुडी. लहान मूल ती दाबते, पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना बुबुळ जाळत आत जातो. अशा वेळी गाडी शोधण्याआधी नळाखाली किंवा तांब्याने, पापण्या उघड्या धरून, किमान १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाणी सोडत राहावे. मग तातडीने रुग्णालय गाठावे. पहिल्या काही मिनिटांतले पाणी त्या मुलाची नजर वाचवू शकते.

एकाएकी नजर कमी होणे, डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे वाटणे, विजा चमकल्यासारखे दिसणे, लाल डोळ्यासोबत तीव्र वेदना किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, यांपैकी काहीही झाले तर चष्म्याच्या दुकानात न जाता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. तक्रार नसली, तरी चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासून घ्यावा. पुढच्या वेळी नवी फ्रेम निवडण्याआधी एवढे काम उरकून घ्या.