प्रयोगाचे पैसे

अकोल्याच्या एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल, दोन वेल्डिंग मशीन आणि चार माणसं. डाळमिलचे एलिव्हेटर, चाळण्या, हॉपर हे आमचं रोजचं काम. एका प्रयोगासाठी सरकारी मदत मिळते का, याची मी चौकशी सुरू केली तेव्हा ज्याला सांगावं तो एकच विचारायचा, "किती टक्के?" चूक त्याची नाही. वऱ्हाडात अनुदान म्हटलं की ठिबक, ट्रॅक्टर, स्प्रिंकलर. वस्तू घ्यायची, बिल लावायचं, ठरलेला टक्का खात्यात येतो. मीही पहिला अर्ज त्याच समजुतीने केला. नवा लेथ, प्लाझ्मा कटर, कॉम्प्रेसर अशी यादी जोडली आणि खाली बेरीज मांडली. अर्ज परत आला. शेऱ्यात एकच ओळ होती : यात संशोधन काय आहे?

त्या ओळीचा तेव्हा फार राग आला होता. आता वाटतं, माझं खरं शिक्षण तिथून सुरू झालं.

माझ्याकडे प्रश्न होता, तो अर्जात मात्र नव्हता. डाळमिलमध्ये तूर आली की आधी चाळतात, मग एमरीच्या रोलरवरून काढून सालीला ओरखडे पाडतात. नंतर तेलाचा हात देतात, पाणी देतात, मुरवत ठेवतात आणि वाळवतात. तुरीची साल आतल्या दाण्याला डिंकासारख्या थराने चिकटलेली असते. हा सगळा खटाटोप तो थर सुटावा म्हणून. वाळवण नेमकं साधलं तर साल अलगद निघते आणि पहिल्या प्रतीची फटका डाळ पडते. दाणा ओलसर राहिला तर साल सुटत नाही, माल पुन्हा रोलरवर घालावा लागतो. जास्त वाळला तर डाळ तुटते, चुरी वाढते. चुरीला डाळीचा भाव मिळत नाही. मिलचा नफा या ओल-कोरड्याच्या मधल्या अरुंद जागेत असतो.

ती जागा ओळखायची कशी? मी ज्या मिलमध्ये काम करतो तिथला मिस्त्री साठी ओलांडलेला आहे. तो ओट्यावर पसरलेल्या तुरीतून पायाने चर पाडतो, तळाचा दाणा उचलतो, दाढेखाली धरतो आणि चावतो. कट्ट असा आवाज आला की हात वर करतो, पोरं माल गोळा करायला लागतात. ओलावा मोजायचं यंत्र करावं म्हणतो, असं मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला. "भाऊ, दात हायेत तोवर मशीन कायले पाह्यजे?"

उत्तर मिलमालकाने दिलं. मिस्त्री लग्नसराईत आठ दिवस गावी गेला की चुरी वाढते. दर वर्षी.

माझी भाची अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकली. तिने हे ऐकलं आणि म्हणाली, "मामा, मशीनची यादी नका देऊ. हा प्रश्न द्या." मग तिने मला समजावलं. धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये धान्य ठेवलं की विजेचा किती भार साठतो, ते त्या धान्याच्या ओलाव्यावर अवलंबून असतं. पाण्याचा हा भार साठवण्याचा अंक (विद्युत अपार्यता अंक) ८० च्या आसपास असतो, कोरड्या दाण्याचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. बाजारातले ओलावामापक याच तत्त्वावर चालतात. पण ते साध्या, थंड धान्यासाठी बनवलेले. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या, तेल लावलेल्या तुरीवर त्यांचा आकडा हलत राहायचा. तापमान आणि तेल यांचा परिणाम वजा करून खरा ओलावा सांगता येईल का? उत्तर आम्हाला माहीत नव्हतं. संशोधनाचं अनुदान असतं ते अशाच प्रश्नासाठी. दुसऱ्या अर्जात आम्ही हा प्रश्न, तो तपासायची रीत आणि उत्तर 'नाही' आलं तर काय करू, एवढंच लिहिलं. तो मंजूर झाला.

सरकार अपयशाला पैसे का देतं, असं मला बरेच जण विचारतात. कारण सरळ आहे. बँक चालू धंद्याला कर्ज देते, चालेल की नाही ते माहीत नसलेल्या गोष्टीला देत नाही, आणि लहान कारखानदाराला एक फसलेला प्रयोग आयुष्यभर पुरतो. अमेरिकेने १९८२ साली यावर कायदाच केला. ज्या सरकारी खात्यांचं बाहेर वाटायचं संशोधनाचं बजेट मोठं आहे त्यांनी त्यातला ठरावीक वाटा लहान उद्योगांसाठी राखून ठेवायचा. पुढे तो ३.२ टक्क्यांवर गेला. आपल्याकडे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००५ मध्ये लहान उद्योगांच्या संशोधनासाठी अशी योजना आणली, आणि २०१२ मध्ये त्यासाठी बायरॅक ही स्वतंत्र संस्था उभी केली. तिच्या 'बिग' अनुदानात १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात, पण विषय जैवतंत्रज्ञानाचा हवा.

आमच्यासारख्यांच्या जवळची दारं वेगळी. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना हातात धरता येईल असा पहिला नमुना बनवायला १० लाखांपर्यंत देते. शेतीशी संबंधित नवउद्योगांना राष्ट्रीय कृषी विकास योजनेच्या 'रफ्तार'मधून कल्पनेच्या पातळीवर ५ लाखांपर्यंत आणि पुढच्या पातळीवर २५ लाखांपर्यंत मदत ठरलेली आहे, तिथे स्वतःचा थोडा हिस्सा घालावा लागतो. स्टार्टअप इंडिया सीड फंड २०२१ मध्ये ९४५ कोटींचा जाहीर झाला, त्यात नमुना आणि चाचण्यांसाठी २० लाखांपर्यंत अनुदान. यातली कुठलीच रक्कम दिल्लीहून थेट येत नाही. मध्ये इन्क्युबेशन केंद्र असतं. ते अर्ज घेतं, समिती बसवतं, हप्ते सोडतं. म्हणून योजनेइतकीच केंद्राची निवड महत्त्वाची. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात असं केंद्र आहे. तिथे नुसतं जाऊन बोलून आलात तरी निम्मा गोंधळ मिटेल.

एक अडचण मात्र मला मनापासून खटकते. सीड फंडासाठी तुमचा उद्योग मान्यताप्राप्त स्टार्टअप हवा, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी. शिवाय अर्ज करताना तो स्थापन होऊन दोन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावीत. अकोल्यातली बहुतेक वर्कशॉपं एकट्याच्या मालकीची आहेत आणि बापापासून चालत आलेली आहेत. ज्या हातांना यंत्र कळतं ते दारातच बाद होतात. लघुउद्योग मंत्रालयाने २०२२ मध्ये आणलेल्या 'एमएसएमई इनोव्हेटिव्ह' योजनेत उद्यम नोंदणीवाल्याला एका कल्पनेसाठी १५ लाखांपर्यंत वाट ठेवली, हे बरं झालं. पण मोठ्या योजनांतही जुन्या वर्कशॉपला जागा हवी. केंद्राच्या मंत्रिमंडळाने जुलै २०२५ मध्ये १ लाख कोटींच्या संशोधन निधीला मंजुरी दिली तेव्हा मला बरेच फोन आले. तो पैसा कमी व्याजाचं कर्ज आणि भागभांडवल म्हणून, बऱ्यापैकी तयार झालेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. ओट्यावर दाणे मोजणाऱ्याच्या तो उपयोगाचा नाही.

आता आमच्या पैशांचं. मंजूर रक्कम एकदम मिळत नाही, कामाच्या टप्प्यांना बांधलेले हप्ते असतात. आमचा पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा सात महिने उशिरा. इन्क्युबेशन केंद्राचं नाव घेत नाही, पण त्या सात महिन्यांत भाचीचं मानधन मी एलिव्हेटरच्या कामांतून दिलं आणि पत्र्याच्या दुकानात उधारी वाढवली. दुसरा धडा बिलांचा. आम्हा फॅब्रिकेशनवाल्यांना जुनी मोटर, जुना गिअरबॉक्स भंगारातून आणायची सवय. भंगाराचं बिल नसतं, म्हणून तो खर्च आमच्याच अंगावर पडला. वेगळं बँक खातं आणि प्रत्येक खरेदीचं जीएसटी बिल हे पहिल्या दिवसापासून लागतं, आणि शेवटी सीएचं उपयोगिता प्रमाणपत्र.

सगळ्यांत कामाला आली ती वही. रोज सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ओट्यावरचं तापमान, आमच्या यंत्राचा आकडा, तोच नमुना ओव्हनमध्ये वाळवून वजनातून काढलेला ओलावा, आणि शेवटच्या रकान्यात मिस्त्रीचा शब्द : कच्चा, येतो, झाला. समितीने आमचं सादरीकरण पाच मिनिटं ऐकलं आणि वही वीस मिनिटं चाळली.

निकाल असा : लाल तुरीवर आकडा विश्वासाचा येतो, पांढऱ्या तुरीवर अजून चुकतो. अहवालात तसंच लिहिलं. त्यासाठी कोणी पैसे परत मागितले नाहीत.

आपल्या भागाला हे नवं वाटायला नको. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळमिल अकोल्यातच जन्मली. सरकारी पैशावर विद्यापीठात प्रयोग झाले, मग ती खासगी कारखान्यांत बनू लागली आणि गावोगावच्या बचत गटांनी तिच्यावर धंदा उभा केला. ते विद्यापीठ इथे व्हावं म्हणून १९६७ साली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबारात माणसं गेली, आणि १९६९ मध्ये ते अकोल्यात स्थापन झालं. संशोधनासाठी जीव देणारा हा मुलूख आहे. इथल्या पोरांना प्रयोगाच्या दोन-चार लाखांसाठी पुण्या-मुंबईचे खेटे घालावे लागू नयेत, हप्ता ठरलेल्या महिन्यात मिळावा आणि एकट्याच्या वर्कशॉपलाही अर्ज करता यावा, एवढं सरकारने करावं.

आणि तुमच्या जिनिंगमध्ये, संत्र्याच्या बागेत, डाळमिलच्या ओट्यावर असा एखादा प्रश्न असेल, की ज्याचं उत्तर एकाच म्हाताऱ्या माणसाच्या दातात किंवा बोटांत आहे, तर अर्जाची शेवटची तारीख शोधू नका. आधी तो प्रश्न एका वाक्यात लिहा, मग पंधरा दिवस रोज मोजमाप घ्या. ती वही घेऊन केंद्रात जा.