स्मृती आणि ध्वनिफीत

ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाच्या दोन मैफली सहसा सारख्या होत नसत. म्हणून रसिक गीतांइक्याच तारखाही जपतात. ८ मे १९७७ ची कॉर्नेल विद्यापीठातील मैफल त्यांत अग्रगण्य मानली जाते. तिची कीर्ती मुख्यतः बेटी कँटर यांच्या उत्कृष्ट ध्वनिमुद्रणाने पसरली. येथेच अभ्यासकाची अडचण सुरू होते. प्रत्यक्ष उपस्थित असलेला श्रोताही पुढे तीच फीत वारंवार ऐकतो. मग त्याला स्मरते ते सभागृहातील वादन की फितीतील, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. यास्तव फितीत न उमटलेले तपशील साक्षीच्या दृष्टीने अधिक मोलाचे ठरतात. उदाहरणार्थ, त्या रात्री बाहेर पडताच दिसलेला, आणि तोही मे महिन्यात, हिमवर्षाव.