मुलांची जीभ आणि मुलांचे दात

उष्टावणाच्या दिवशी बाळाच्या ओठाला खिरीचे बोट लागते, त्याच सुमारास बहुधा त्याचा पहिला दात हिरडीतून डोकावू लागतो. जीभ आणि दात यांचा सहवास असा जवळजवळ एकदमच सुरू होतो. पुढे चार-पाच वर्षांनी तेच मूल दोन चमचे साखर घातलेले दूधही ‘गोड नाही’ म्हणून दूर सारते, तेव्हा घरातील वडीलधारी मंडळी याला जिभेचे चोचले म्हणतात. काही मुलांच्या बाबतीत मात्र हे चोचले नसून त्यांना चव खरोखरीच मंद कळत असण्याचा संभव असतो.

चव कळते ती मुख्यतः जिभेवरील रुचिकलिकांमुळे. एकेका कलिकेत सुमारे ५० ते १०० पेशी असतात आणि साधारणतः दहा-पंधरा दिवसांनी जुन्या जाऊन नव्या येतात. पदार्थ लाळेत विरघळल्यावाचून त्याची चव या पेशींना उमगत नाही. म्हणूनच तोंड कोरडे पडले किंवा जिभेवर दाट थर साचला, की चव बोथट होते. नाक सतत चोंदलेले असणे, शरीरात जस्ताची उणीव असणे, काही औषधे चालू असणे, हीही कारणे असतात. चवीची एक नस मधल्या कानातून जाते. त्यामुळे वारंवार कान फुटणाऱ्या मुलाच्या चवीतही फरक पडू शकतो.

काही मंदपणा जन्मजात असतो. १९३१ साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, की फेनिलथायोकार्बामाइड हा पदार्थ काहींना कडूजहर लागतो, तर काहींना त्याची चवच लागत नाही. हा भेद आनुवंशिक आहे. अशी कडू चव न कळणाऱ्या मुलांचा ओढा अधिक गोडाकडे असतो व त्यांचे दात अधिक किडतात, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. सर्वच पाहण्यांचा निष्कर्ष एक नाही. तरीही इशारा घेण्याजोगा आहे.

याचे कारण उघड आहे. ज्याला गोडी कमी कळते, ते मूल गोड अधिक मागते. दातांवरील चिकट थरातील जंतू त्या साखरेचे काही मिनिटांतच आम्ल बनवतात. हे आम्ल पुरेसे तीव्र झाले, की दाताच्या कवचातील क्षार विरघळू लागतात. लाळ ते आम्ल हळूहळू निववते. त्याला अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. मधल्या काळात पुन्हा गोळी चघळली, तर दातांना उसंत मिळत नाही. दात दुखू लागला, की मूल नीट चावत नाही, मऊ आणि गोड तेवढेच खाते. आणि दोष पुन्हा फेर धरतो.

हा फेर तोडणे घरातच शक्य आहे. दुधातील साखर एकदम बंद न करता आठवड्या-आठवड्याने चिमूटभर कमी करावी. जीभ त्या गोडीला सरावते. गोड द्यावयाचे ते जेवणाबरोबर द्यावे, अधूनमधून देऊ नये. झोपताना तोंडात गोड दुधाची बाटली ठेवू नये. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी व सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. जीभही हलक्या हाताने स्वच्छ करावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितल्याप्रमाणे, वरून घातलेली साखर, तसेच मध व फळांच्या रसातील साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांहून कमी असावी. पाच टक्क्यांहून कमी असल्यास अधिक बरे.

इतके करूनही मुलास चव कळेनाशी वाटली, तर त्याला हट्टी ठरवून रागे भरण्यापूर्वी दंतवैद्यास त्याचे तोंड आणि डॉक्टरांस त्याचे नाक-कान दाखवावे. दुधाचे दात पडावयाचेच आहेत, म्हणून त्यांची हयगय करणारे पुष्कळ असतात. परंतु त्यांच्याच मागे कायमचे दात वाट पाहत असतात, आणि याच वयात लागलेली गोडाची सवय पुढे त्या दातांनाही भोवते.